कपॅसिटरवर चालणारे एलईडी दिवे नेमकी किती वीज खातात?

पेठकर

थेट २३० व्होल्टच्या लाइनवर, ट्रान्सफॉर्मरशिवाय, केवळ कपॅसिटर लावून चालणाऱ्या एलईडी दिव्यांची कार्यक्षमता किती धरावी, याबद्दल जाणकारांची मते हवी आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमच्या घराच्या जिन्यात आणि देवघरात मी जुळवलेले असे दिवे अहोरात्र चालू असतात. आणखी काही बसवण्यापूर्वी हा हिशेब एकदा नक्की करावा, असे वाटते.

रचना नेहमीचीच आहे. लाइनमध्ये ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स-टू वर्गाचा (थेट लाइनवर लावण्याजोगा) कपॅसिटर, त्याला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टन्स, मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टन्स, त्यानंतर एसीचे डीसी करणारा चार डायोडांचा ब्रिज, एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि शेवटी २० एलईडींची एक माळ. प्रत्येक एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो, म्हणजे माळेवर ६० व्होल्ट येतात. माळेतून २५ मिलिअँपिअर प्रवाह जातो, तेव्हा उजेडासाठी दीड वॅट खर्च होतो, इथपर्यंत सारे स्पष्ट आहे.

अडचण पुढे आहे. लाइनच्या बाजूला ट्रू आरएमएस मल्टिमीटर लावला असता प्रवाह ३२ मिलिअँपिअर दिसतो. त्याला २३० ने गुणले, तर उत्तर ७.३ येते. दीड वगळता उरलेले पावणेसहा कुठे जातात? तेवढी उष्णता त्या लहानशा डबीत निर्माण झाली असती, तर डबी हातात धरवली नसती. प्रत्यक्षात ती जेमतेम कोमट असते. शाहूपुरीतील एका दुकानदारांनी मात्र 'हे सर्किट वीज खाते, ड्रायव्हरच घ्या' असे ठामपणे सांगितले; ड्रायव्हर म्हणजे एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणारे तयार सर्किट.

उद्यमनगरी

दुकानदारांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. लाइनमधून ७.३ घेतले आणि कामाला दीड आले, तर हिशेब २० टक्क्यांचा झाला. आमच्या कारखान्यात असा भार असता, तर त्याला कुणी कार्यक्षम म्हटले नसते. उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे खऱ्या वॅटऐवजी व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारावर येते, त्यामुळे लाइनमधून ओढलेल्या प्रत्येक अँपिअरचे पैसे आम्ही मोजतो. घरगुती ग्राहकाला ते मोजावे लागत नाहीत, म्हणून तो प्रवाह फुकट ठरत नाही.

भौतिकीच्या_बाई

पेठकर, आपल्या निरीक्षणातच उत्तर आहे. डबी गरम होत नाही, याचा अर्थ ती ऊर्जा तेथे खर्च होत नाही.

व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार वॅट देतो, तो दोन्ही एकाच वेळी चढत-उतरत असतील तेव्हाच. कपॅसिटरमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या पाव आवर्तन पुढे धावतो. व्होल्टेज वाढत असताना कपॅसिटर लाइनमधून ऊर्जा घेऊन साठवतो आणि व्होल्टेज उतरताना तिचा बहुतांश भाग लाइनलाच परत करतो. आपण काढलेले ७.३ हे व्होल्ट-अँपिअर आहेत. त्यांतील खरे वॅट वेगळे मोजावे लागतात आणि त्यासाठी वॅटमीटर हवा.

मालिकेतील रेझिस्टन्समध्ये ०.०३२ च्या वर्गाला १०० ने गुणून ०.१ वॅट जातो. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाहतात, म्हणून १.४ व्होल्ट गुणिले २५ मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ०.०३५ वॅट. समांतर रेझिस्टन्समध्ये ०.०४ वॅटच्या आसपास. कपॅसिटरच्या आतील पॉलिप्रॉपिलीनच्या (प्लास्टिकच्या) फिल्ममध्ये काही मिलिवॅटच जातात. एकूण नुकसान ०.१८ वॅटच्या आत राहते. घेतले १.६७, वापरले १.४९, म्हणजे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या जवळ आहे.

पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, मात्र ०.२३ इतका कमी आहे. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि या विषयावरील निम्मे वाद त्यांची गल्लत केल्यामुळे होतात. बारावीच्या वर्गात दरवर्षी हेच सांगावे लागते.

तांबडा_रस्सा

म्हणजे पेठकरांचा दिवा वाण्याकडून सेकंदाला शंभर वेळा उधार नेतो आणि शंभर वेळा परतही करतो. इतका प्रामाणिक गिऱ्हाईक अख्ख्या लक्ष्मीपुरीत सापडणार नाही; तरीही वाणी कुरकुरतोच आहे.

उद्यमनगरी

कुरकुरणारच, कारण ने-आण करताना वाट झिजते. बाईंचे गणित मला मान्य आहे, पण ते घराच्या उंबरठ्यापाशी थांबते. परत जाणारा प्रवाहसुद्धा तारांमधून आणि ट्रान्सफॉर्मरमधूनच जातो आणि त्यांना तापवतो. असे एक लाख दिवे एकाच वेळी लागले, तर खरा भार १६७ किलोवॅटचा असतो, पण व्यवस्थेला ७३० केव्हीए (हजार व्होल्ट-अँपिअर) वाहावे लागतात.

निवृत्त_वायरमन

उद्यमनगरी साहेब, आकडा बरोबर आहे, पण तो प्रवाह कोणत्या दिशेने झुकलेला आहे, तेही पाहावे. पंखे, फ्रिज, पाण्याच्या मोटारी यांचा प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो. कपॅसिटरचा पुढे धावतो. दोन्ही एका फेजवर आले, की एकमेकांना काही अंशी खोडतात. शेतीपंपांना कपॅसिटर बसवा म्हणून महावितरण वर्षानुवर्षे शेतकऱ्यांच्या मागे लागलेली आहे, ती याच कारणासाठी. करवीर आणि कागलच्या पट्ट्यात उसाच्या हंगामी पाणीपुरवठ्याच्या काळात डीपीवर टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा मीटर) लावला, की मागे पडलेला प्रवाह किती असतो, ते मी नोकरीत पाहिले आहे. पेठकरांचे दिवे त्या डीपीवर उपकारच करतील.

घरच्या मीटरबद्दलही एक सांगतो. घरगुती मीटर खरे वॅटच मोजतो. वर्ग १ च्या इलेक्ट्रॉनिक मीटरचा आरंभप्रवाह (नोंद सुरू होण्यासाठी लागणारा प्रवाह) मूळ प्रवाहाच्या ०.४ टक्के असतो. ५ अँपिअरच्या मीटरला तो २० मिलिअँपिअर होतो; पॉवर फॅक्टर १ धरला, तर साधारण ४.६ वॅट. घरातील सगळे बंद करून हा एकटा दिवा चालू ठेवला, तर मीटरने त्याची नोंद घेतलीच पाहिजे असे बंधन नाही. मात्र फ्रिज सुरू झाला, की त्याच्या सोबतीने याचेही वॅट मोजले जातात, त्यामुळे फुकट प्रकाशाचे स्वप्न कोणी पाहू नये. वर्षभर अखंड चालला, तर हा दिवा सुमारे १५ युनिट घेईल.

पूर्वी देवघरात झिरोचा बल्ब असे. नाव झिरो, पण तो बहुधा १५ वॅटचा असायचा आणि वर्षाला १३१ युनिट घ्यायचा. त्याच्या तुलनेत आपण कशावर वाद घालतो आहोत, हेही लक्षात असू द्यावे.

भौतिकीच्या_बाई

वायरमन काकांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. खोडण्याची क्रिया फक्त मूळच्या ५० हर्ट्झच्या भागापुरती होते. पेठकरांच्या दिव्याचा प्रवाह शुद्ध साइन लहर नाही; प्रत्येक अर्ध्या आवर्तनात काही काळ ब्रिज बंद असतो आणि प्रवाह शून्य असतो. माळ ६० व्होल्टची असेल, तर १८० अंशांपैकी सुमारे ५१ अंश काहीच वाहत नाही. त्यातून निर्माण होणारे हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतील लहरी) पंख्यांमुळे नाहीसे होत नाहीत. उद्यमनगरी यांच्या आक्षेपातील तेवढा भाग शिल्लक राहतो.

दुरुस्तीवाला

राजारामपुरीत दिवे दुरुस्त करण्याचे काम करतो, त्यामुळे असे शेकड्यांनी उघडलेले दिवे रोज टेबलावर असतात. वरची चर्चा योग्य दिशेने चालली आहे. पण एक गोष्ट कोणी बोललेले नाही. 'कपॅसिटर सर्किटची कार्यक्षमता किती', या प्रश्नाला एक उत्तर नाही. ती माळेच्या लांबीवर ठरते.

चार डायोडांच्या ब्रिजमागे मिळणारा सरासरी प्रवाह काढण्याची पद्धत सोपी आहे. लाइनच्या शिखर व्होल्टेजमधून माळेचे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्याला कपॅसिटरच्या फॅरडने, फ्रिक्वेन्सीने आणि ४ ने गुणावे. २३० व्होल्टचे शिखर ३२५ असते. पेठकरांच्या माळेसाठी ३२५ वजा ६० म्हणजे २६५, गुणिले ०.४७ मायक्रोफॅरड, गुणिले ५०, गुणिले ४, उत्तर २४.९ मिलिअँपिअर. त्यांनी मोजलेल्या आकड्याशी ते जुळते.

आता याच कपॅसिटरवर २० ऐवजी एकच एलईडी लावला, तर प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर जातो, पण एलईडीला मिळतात फक्त ०.०९ वॅट. मालिकेतील रेझिस्टन्समध्येच ०.११ पेक्षा जास्त जातात, म्हणजे एलईडीपेक्षा रेझिस्टन्स अधिक खातो. डायोड आणि समांतर रेझिस्टन्स धरले, तर कार्यक्षमता जेमतेम ३० टक्के भरते. बाजारातील स्वस्त प्लग-दिव्यांमध्ये दोन-तीन एलईडी असतात, त्यांची अवस्था साधारण अशीच असते. दुकानदाराने असे दिवे पाहून मत बनवले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

उलट दिशेने जाऊन पाहा. ०.४७ च्या जागी ०.३३ मायक्रोफॅरड घ्या आणि माळ ४० एलईडींची, म्हणजे १२० व्होल्टची करा. प्रवाह १३.५ मिलिअँपिअरवर येतो, पण एलईडींना १.६२ वॅट मिळतात, म्हणजे पहिल्यापेक्षा थोडे जास्तच. लाइनचा प्रवाह ३२ वरून १९-२० मिलिअँपिअरवर उतरतो. रेझिस्टन्समधील नुकसान प्रवाहाच्या वर्गाने घटते, त्यामुळे ते ०.१ वरून ०.०४ वॅटच्या खाली येते. कार्यक्षमता ९५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.३८. कपॅसिटर लहान, तो स्वस्तही. वाढला तो फक्त एलईडींचा खर्च. कमी प्रवाहावर एलईडी दर वॅटला अधिक उजेड देतो आणि थंडही राहतो, हा फायदा वेगळाच.

माळ वाढवत नेली, तर मिळणारी शक्ती शिखर व्होल्टेजच्या निम्म्यावर, म्हणजे १६२ व्होल्टच्या आसपास कमाल होते आणि नंतर उतरते. याच कारणामुळे मोठे दिवे या पद्धतीने होत नाहीत. ९ वॅटचा बल्ब करायचा म्हटले, तर सर्वांत अनुकूल माळ धरूनही १.७ मायक्रोफॅरड लागतात; तो कपॅसिटर बल्बच्या टोपीत मावायचा कसा? त्यामुळे ९ वॅटच्या बल्बांत एक तर बक ड्रायव्हर (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा) असतो किंवा हल्ली एलईडीच्या पत्र्यावरच बसवलेली लिनिअर आयसी (प्रवाह स्थिर ठेवणारी चिप). अर्ध्या वॅटपासून तीन-चार वॅटपर्यंतचे दिवे, हेच कपॅसिटरचे खरे राज्य.

गगनबावडेकर

दुरुस्तीवाले दादांचे गणित शहरात चालेल. आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही. माळ लांब केली, की दिवा व्होल्टेजला जास्त हळवा होतो, हे त्यांच्याच सूत्रातून निघते. लाइन १८० वर उतरली, तर शिखर २५५ च्या आसपास येते. ६० व्होल्टच्या माळेला तेव्हा नेहमीच्या ७३ टक्के प्रवाह मिळतो, १२० व्होल्टच्या माळेला ६६ टक्के. रात्री पंप बंद झाले, की हीच लाइन २६० वर जाते. मग पहिल्या माळेचा प्रवाह १६ टक्के वाढतो आणि दुसरीचा २१ टक्के. बक ड्रायव्हरचा दिवा या दोन्ही वेळांना सारखाच जळतो.

दुसरा त्रास पावसाचा. आमच्या गोठ्यातील दिवा दरवर्षी पावसाळ्यानंतर थोडा मंद झालेला असतो. एलईडी खराब झाले असावेत म्हणून बदलले, तरी उजेड वाढला नाही. कपॅसिटर काढून मोजला, तेव्हा ०.४७ चा ०.२९ झालेला होता. वरून तो अगदी नवा दिसत होता, फुगवटा नाही की डाग नाही.

दुरुस्तीवाला

गगनबावडेकर, व्होल्टेजचा मुद्दा अगदी योग्य आहे. खेड्यात २५ ते ३० एलईडींवर थांबावे आणि कपॅसिटर थोडा लहानच घ्यावा, म्हणजे २६० वरही प्रवाह एलईडीच्या क्षमतेच्या बराच खाली राहतो.

कपॅसिटर आतून का आटतो, ते सांगतो. प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. व्होल्टेजच्या धक्क्याने फिल्मला कोठे छिद्र पडलेच, तर त्याभोवतालचा धातू क्षणात उडून जातो आणि दोष आपोआप वेगळा पडतो. या गुणामुळे तो शॉर्ट होऊन पेट घेत नाही, पण प्रत्येक वेळी थोडे क्षेत्रफळ गमावतो. ओलावा आत शिरला, की कडेकडेने धातू गंजत जातो आणि घट आणखी वाढते. गोठ्यातील हवेत तर ओलाव्याला अमोनियाचीही जोड असते. सर्किट पूर्ण कोरडे असताना सिलिकॉन किंवा इपॉक्सी ओतून बंद करावे. ओलावा आत कोंडून बंद केले, तर उपयोग नाही.

खरेदी करताना अंगावर २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी आणि एक्स-टू ही खूण छापलेली आहे, हे पाहूनच घ्यावा. स्वस्त दिव्यांत ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कपॅसिटर असतो. २६५ व्होल्टला शिखर ३७५ होते, त्यावर विजेचे धक्के वेगळे. मग तो किती दिवस टिकणार? काही कंपन्या तर मालिकेत सतत वापरण्यासाठी वेगळ्या, अधिक टिकाऊ एक्स-टू श्रेणी काढतात. मिळाल्यास त्या घ्याव्यात.

पेठकर

आटलेल्या कपॅसिटरमुळे कार्यक्षमताही घटते का, की फक्त उजेड?

भौतिकीच्या_बाई

मुख्यतः उजेडच. ०.२९ मायक्रोफॅरडला प्रवाह ६२ टक्क्यांवर येतो आणि त्याबरोबर लाइनमधून घेतलेले वॅटही उतरतात. रेझिस्टन्समधील नुकसान वर्गाने कमी होते. समांतर रेझिस्टन्सचे मात्र होते तेवढेच राहते. टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. दिवा मंद होतो, पण उधळा होत नाही.

इचलकरंजीचा_माग

इन्व्हर्टरचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. वीज गेली, की आमच्या घरी चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर सुरू होतो. त्यावर हे दिवे किंचित मंद होतात आणि डबीतून करपल्याचा वास येतो. एकाचा १०० ओहमचा रेझिस्टन्स काळा पडून तुटला. दिवा मंद झाला, म्हणजे वीज कमी घेत असणार. मग रेझिस्टन्स जळतो कसा?

भौतिकीच्या_बाई

हा प्रश्न मला फार आवडला, कारण येथेच ही पद्धत खरोखर अकार्यक्षम ठरते.

साइन लहरीवर व्होल्टेज सावकाश चढते, म्हणून कपॅसिटरमधील प्रवाह पसरलेला आणि लहान राहतो. चौकोनी लहर उणे २३० वरून अधिक २३० वर क्षणात उडी मारते. त्या क्षणी कपॅसिटरची दिशा पूर्ण उलटते आणि सगळा प्रभार एका अरुंद सुईसारख्या प्रवाहातून वाहतो. पेठकरांचेच सर्किट घेऊ. २३० वजा ६० म्हणजे १७०. त्याची दुप्पट गुणिले ०.४७ मायक्रोफॅरड, म्हणजे दर उडीला १६० मायक्रोकूलॉम. इन्व्हर्टरने दिलेली ऊर्जा १६० मायक्रोकूलॉम गुणिले २३०, म्हणजे सुमारे ३७ मिलिज्यूल. माळेला त्यातील ६० व्होल्टच्या वाट्याचे ९.६ मिळाले. कपॅसिटरमध्ये उडीपूर्वी आणि उडीनंतर साठा सारखाच आहे, फक्त दिशा उलटली. उरलेले २७ मिलिज्यूल जाण्यासाठी रेझिस्टन्सशिवाय दुसरी जागा नाही.

सेकंदाला अशा शंभर उड्या होतात. माळेला मिळतो एक वॅटला थोडा कमी, आणि अर्ध्या वॅटच्या त्या रेझिस्टन्सवर येतात २.७ वॅट. तो जळणारच! शिखर ३२५ ऐवजी २३० असल्यामुळे दिवा मंद दिसतो, पण कार्यक्षमता ९० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर कोसळलेली असते. रेझिस्टन्स १०० ऐवजी ४७ ओहमचा लावूनही काही साधत नाही. सुई अधिक उंच आणि अधिक अरुंद होते, पण जाणारी ऊर्जा तितकीच राहते.

प्रत्यक्षात इन्व्हर्टरची उडी इतकी तीव्र नसते आणि काहींत मध्ये शून्याची पायरी असते, त्यामुळे आकडा यापेक्षा सौम्य येईल. दिशा मात्र हीच. शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर हा प्रश्न उद्भवत नाही.

इचलकरंजीचा_माग

बाई, आभारी आहे. आजवर एवढ्या जणांना विचारले, प्रत्येकाने 'माल हलका आहे' एवढेच सांगितले.

निवृत्त_वायरमन

मालही हलका असतो, ते खोटे नाही. त्या जागी फ्युझसारखा तुटणारा, आग न पकडणारा रेझिस्टन्स हवा; साधा कार्बनचा घातला, तर तो आधी पेटतो आणि मग तुटतो.

आता सुरक्षिततेचे चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. या सर्किटमध्ये एलईडीच्या माळेचे प्रत्येक टोक लाइनशी थेट जोडलेले असते. माळ ६० व्होल्टची आहे, म्हणून हात लावायला हरकत नाही, असा समज घातक आहे. गणेशोत्सवात एका मंडळाच्या मखरात अशी उघडी पट्टी पत्र्याच्या कमानीवर चिकटवलेली मी पाहिली होती आणि कमान धरून उभ्या असलेल्या मुलांना झिणझिण्या येत होत्या. कार्यकर्त्यांचे म्हणणे, 'एलईडी आहे, त्याला कुठला करंट!' ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्यावर तो पहिल्याच मिनिटाला पडला, तेव्हा ते पटले.

कपॅसिटरला समांतर असलेला १ मेगाओहमचा रेझिस्टन्स वीज वाचवण्यासाठी कोणी काढू नये. तो ०.०४ वॅट खातो, पण प्लग काढल्यावर अर्ध्या सेकंदाच्या कालांकाने कपॅसिटर रिकामा करतो. तो नसेल, तर प्लगच्या पितळी पिनांवर तीनशे व्होल्टपर्यंत भार तसाच राहू शकतो.

तांबडा_रस्सा

काका, त्या पिनांचा प्रसाद आमच्या वडिलांनी घेतलेला आहे. तेव्हापासून ते प्लगला नमस्कार करून मगच तो काढतात.

आठवी_सेमिस्टर

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. जिन्यात माणूस आला तरच दिवा लागावा, यासाठी हालचाल ओळखणारा सेन्सर लावायचा आहे. त्याला ५ व्होल्ट आणि ५ मिलिअँपिअर लागतात. ०.४७ मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज ठरावीक ठेवणारा झेनर डायोड वापरून हा पुरवठा केला, तर चालेल का? मार्गदर्शकांचे म्हणणे आहे, की छोटा ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

दुरुस्तीवाला

चालेल, पण ०.४७ कशासाठी? कपॅसिटर ३० मिलिअँपिअर ढकलतच राहणार. तुमचा सेन्सर ५ घेणार, उरलेले २५ झेनर उष्णतेत घालवणार. झेनरच्या पुरवठ्यात लाइनकडून येणारा प्रवाह ठरलेला असतो. भार कमी केला, म्हणून बिल कमी होत नाही. ०.१ मायक्रोफॅरड घेतला, तर ६ मिलिअँपिअरच्या वर मिळतात. व्होल्टेज २०० पर्यंत उतरले, तरी साडेपाच राहतात. व्होल्टेज त्याहूनही उतरत असेल, तर ०.१५ घ्या.

मार्गदर्शकांचा आदर राखून सांगतो, छोटा लोखंडी ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही साधारण एक वॅट खातो. तुमचा हा कपॅसिटरचा पुरवठा सगळे मिळून पाव वॅटच्या खालीच राहील. कार्यक्षमतेची टक्केवारी काढली, तर ती वाईट दिसेल. पण वर्षाच्या युनिटांत ट्रान्सफॉर्मरच हरतो.

उद्यमनगरी

येथे मी दुरुस्तीवाल्यांशी सहमत आहे. मात्र प्रयोगशाळेत या सर्किटला ऑसिलोस्कोप जोडताना एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. स्कोपची जमिनीची क्लिप लाइनशी जोडली गेली, की मोठा आवाज होतो आणि विभागप्रमुख धावत येतात.

पेठकर

दुरुस्तीवाले दादांच्या सांगण्याप्रमाणे ०.३३ मायक्रोफॅरड आणि ४० एलईडींचा एक दिवा जुळवला आणि एका मित्राकडील वॅटमीटरवर दोन्ही दिवे शेजारी शेजारी तपासले. संध्याकाळी लाइन २३० च्या आसपास होती.

जुना दिवा: प्रवाह ३२ मिलिअँपिअर, शक्ती १.७ वॅट. नवा दिवा: प्रवाह १९.५ मिलिअँपिअर, शक्ती १.७ वॅट. मोबाईलवरील प्रकाशमापकाने एकाच अंतरावरून पाहिले, तर नव्याचा उजेड स्पष्टपणे जास्त भरतो. मोबाईलचा मापक काटेकोर नसतो, हे मान्य. पण फरक डोळ्यांनाही दिसतो. घरात वॅट तेवढेच गेले, उजेड वाढला आणि लाइनमधील प्रवाह जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला, म्हणजे उद्यमनगरी यांचाही काही फायदा झाला.

एक शंका उरली आहे. नव्या दिव्यासमोर मोबाईलचा कॅमेरा धरला, की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. जुन्यात ते दिसत नाहीत.

दुरुस्तीवाला

इलेक्ट्रोलिटिक किती मायक्रोफॅरडचा आणि किती व्होल्टचा बसवला आहे?

पेठकर

२.२ मायक्रोफॅरड, १६० व्होल्ट. जुन्यात २२ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा आहे.

दुरुस्तीवाला

पट्टे त्यामुळेच. सेकंदाला शंभर वेळा उजेड वर-खाली होतो आणि २.२ ला तो सावरता येत नाही. २२ बसवा, पण ४०० व्होल्टचा. चाळीसपैकी एकही एलईडी तुटला, की माळ उघडी पडते, प्रवाहाला वाट राहत नाही आणि इलेक्ट्रोलिटिकवर थेट ३२५ व्होल्ट चढतात. १६० चा असेल, तर टोपण उडवून फुटतो; जुन्यातील १०० चा त्याहून लवकर फुटेल, तोही बदला. ४०० चा आकाराने मोठा येतो, त्यासाठी डबी थोडी उंच घ्या आणि त्याला १०० ओहमच्या रेझिस्टन्सपासून लांब बसवा. तापमान दहा अंशांनी कमी राहिले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. याने कार्यक्षमतेत मोजण्याइतका फरक पडणार नाही.

गगनबावडेकर

गोठ्यासाठी ०.३३ आणि ३० एलईडी असे ठरवतो आहे. शनिवारी कोल्हापुरात येणे आहे. ३१० व्होल्टचा एक्स-टू राजारामपुरीत सुटा मिळतो, की पाकीटच घ्यावे लागते?

दुरुस्तीवाला

सुटा मिळतो. दोन घ्या आणि दुकानातच मीटरवर मोजून घ्या.